कोयासान : डोंगरमाथ्यावरच्या मठांच्या गावात दोन रात्री

दूर्वांकुर

नमस्कार. नोकरीच्या निमित्ताने गेली तीन वर्षे मी ओसाकात राहते आहे. या काळात घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी क्योतो आणि नारा दाखवून आणले, परंतु येथून रेल्वेने जेमतेम दीड तासाच्या अंतरावर असलेल्या कोयासानला मात्र मी स्वतः गेल्या नोव्हेंबरपर्यंत गेले नव्हते. 'मठात राहण्याचा अनुभव' या शब्दांची जाहिरात इतकी झाली आहे की त्यांच्याविषयी थोडी अढीच बसली होती. अखेर यजमानांच्या आग्रहाखातर आम्ही दोन रात्रींसाठी गेलो. तो अनुभव सविस्तर लिहावा आणि मनात उरलेल्या काही प्रश्नांवर येथील जाणकारांचे मत घ्यावे, म्हणून हा धागा.

नाम्बा स्थानकावरून निघालेली गाडी हाशिमोतोनंतर डोंगरात शिरते आणि अरुंद वळणांवरून चाके करकरवत 'गोकुराकुबाशी' या शेवटच्या स्थानकावर थांबते. या नावाचा अर्थ सुखावतीचा पूल, म्हणजे अमिताभ बुद्धाच्या स्वर्गाकडे नेणारा पूल. तेथून दोरावर ओढली जाणारी तिरकी गाडी पाच मिनिटांत सुमारे ३३० मीटर वर नेते. वरच्या स्थानकापासून गावाच्या वेशीपर्यंतचा रस्ता फक्त बससाठी राखलेला असल्याने तेथे पायी जाता येत नाही. बसचा पहिला महत्त्वाचा थांबा 'न्योनिन्दो' हा आहे. न्योनिन्दो म्हणजे स्त्रियांचे देऊळ. कोयासानच्या सात वाटांच्या तोंडाशी पूर्वी अशी सात देवळे होती, कारण स्त्रियांना त्यापुढे प्रवेश नव्हता. त्या तेथे राहत, प्रार्थना करत आणि डोंगराच्या कडेकडेने गावाला वळसा घालून संस्थापकांची आतली समाधी दुरून दिसते का ते पाहत. सातांपैकी हे एकच देऊळ आता उरले आहे. सरकारने ही बंदी १८७२ मध्ये उठवली, तरी कोयासानवर ती प्रत्यक्षात सुटायला आणखी काही दशके जावी लागली. बसमध्ये बसल्या बसल्या मी ते लहानसे देऊळ मागे पडताना पाहिले. 'अध्यात्मिक शांतता' वगैरे शोधायला आलेल्या माझ्यासारखीला पहिलाच थांबा हा मिळावा, हे मला योग्यच वाटले.

वर सुमारे ८०० मीटर उंचीवर डोंगरांनी वेढलेला एक सपाट खोलगट भाग आहे. सभोवतालच्या आठ शिखरांना कमळाच्या पाकळ्या मानतात आणि मधले गाव म्हणजे त्या कमळाचा गाभा. बौद्ध भिक्षू कुकाई यांना ८१६ मध्ये सम्राट सागाने ही जागा दिली. मृत्यूनंतर त्यांना 'कोबो दाइशी' ही पदवी मिळाली आणि जपानी माणूस त्यांना त्याच नावाने ओळखतो. आज येथे ११७ देवळे आहेत आणि त्यांपैकी सुमारे पन्नास देवळांत पाहुण्यांना राहता येते. अशा मुक्कामाला 'शुकुबो' म्हणतात. हे केवळ मठांचे संकुल असेल अशी माझी कल्पना होती, पण ते चांगले नांदते गाव निघाले. तेथे शाळा, टपाल कार्यालय, विद्यापीठ आणि अग्निशमन केंद्र आहे, आणि दप्तरे पाठीवर घेतलेली मुले ज्या रस्त्याने घरी जातात त्याच रस्त्याने भिक्षू मोपेडवरून जाताना दिसतात.

आमची खोली साधी होती : तातामी, म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या गवती चटया, कागदी सरकती दारे, एक बुटके मेज आणि एक हीटर. दाराला कुलूप नव्हते. जेवण संध्याकाळी साडेपाचला, स्नानगृह सामाईक, रात्री नऊला मुख्य दरवाजा बंद आणि सकाळी सहाला प्रार्थना. पहिल्या रात्री हे वेळापत्रक मला जाचक वाटले, परंतु दुसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आले की येथे जी काही शांतता मिळते ती या वेळापत्रकातूनच मिळते. संध्याकाळी सातनंतर करण्यासारखे काहीही नसते.

सकाळच्या प्रार्थनेविषयी थोडे विस्ताराने लिहिते. गाभाऱ्यात अंधार होता, पितळी दिव्यांच्या वातींचा तेवढा उजेड होता आणि थंडी अशी की श्वास दिसत होता. तीन भिक्षू एका सुरात काहीतरी म्हणत होते आणि मला त्यातले अवाक्षर कळत नव्हते. मग एक ओळ पुन्हा पुन्हा येऊ लागली : 'ओन अबोक्या बेइरोशानो माकाबोदारा मानि हान्दोमा…' तिसऱ्या आवर्तनाला 'मानि हान्दोमा' म्हणजे 'मणि पद्म' असावे असे वाटले आणि मग एकेक शब्द उलगडत गेला : ओं अमोघ वैरोचन महामुद्रा मणि पद्म ज्वाल प्रवर्तय हूं. लहानपणी आजीच्या शेजारी बसून अर्थ न कळता स्तोत्रे म्हटलेल्या कुणालाही, अनोळखी देशात, अनोळखी तोंडून आलेले हे शब्द ऐकून काय वाटेल ते मी सांगायला नको. प्रार्थनेनंतर शेजारच्या लहान देवळात अग्नी पेटवून त्यात समिधा, तेल आणि धान्य यांच्या आहुती दिल्या गेल्या. या विधीला ते 'गोमा' म्हणतात. तो आपल्या 'होम' या शब्दाचाच जपानी उच्चार आहे. अग्नीमागे बसलेली उग्र मूर्ती फुदो म्यो-ओ यांची, म्हणजे संस्कृतातल्या अचलाची.

दुपारी मी 'आजिकान' या ध्यानाच्या वर्गाला बसले. समोर एक चित्र असते : पांढऱ्या चंद्रबिंबात कमळ आणि त्या कमळावर सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतला 'अ'. त्या अक्षराकडे पाहत श्वास सोडायचा आणि मनातल्या मनात 'आ' म्हणायचे. जे कधी उत्पन्नच झाले नाही ते, म्हणजे 'अनुत्पाद', या शब्दाचे ते आद्याक्षर. शिकवणारे भिक्षू परदेशी पाहुण्यांना हे अक्षर कसे वाचायचे ते समजावत होते आणि मी, जिने तांदळाच्या ताटलीत हेच अक्षर पहिल्यांदा गिरवले, गप्प बसून होते.

आता प्रश्न. दोन दिवसांत मला जे मिळाले ते खरे होते असे मला वाटते, पण त्याच मठात पैसे भरण्याच्या मेजावर कार्डाचे यंत्र होते आणि जेवणाच्या दालनात आम्ही सोडून बहुतेक सगळे युरोपीय पर्यटक होते. याला साधनेचा मुक्काम म्हणावे की घंटेवर चालणारे हॉटेल म्हणावे? ज्यांनी असे मुक्काम केले आहेत त्यांनी जरूर लिहावे.

रोखठोक

लेख आवडला, परंतु उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. माणशी दहा हजार येनच्या खाली जेथे क्वचितच खोली मिळते, तेथे तुम्ही ग्राहक असता, साधक नसता. भिक्षूने वाढलेले जेवण आणि पहाटेची प्रार्थना हा त्या दरात समाविष्ट असलेला कार्यक्रम झाला. मी नाइलाजाने एवढेच म्हणेन की वैराग्याची ही सहल आहे.

पूर्वरंग

रोखठोक, तुमचा मुद्दा समजतो, पण कोयासानच्या बाबतीत तो तितकासा लागू पडत नाही. शुकुबो हा पर्यटनासाठी काढलेला अलीकडचा शोध नव्हे. सरंजामी काळात जपानमधली मोठमोठी घराणी येथील एकेका मठाशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेली असत. घराण्यातला माणूस यात्रेला आला की त्याच मठात उतरे, पूर्वजांचे विधी तेथेच होत आणि मठाचा खर्च त्या देणगीतून चाले. आपल्याकडे त्र्यंबकेश्वराला किंवा पंढरपुराला गेलेला माणूस आपल्या कुळाच्या उपाध्यांच्या वाड्यात उतरत असे, त्यांच्या वहीत आजोबा-पणजोबांची नावे सापडत आणि निघताना दक्षिणा ठेवली जाई. त्या नात्याला कुणी हॉटेल म्हटले नाही. सरंजामदार गेले, देणग्या आटल्या आणि ती जागा आता पाहुण्याच्या शुल्काने घेतली आहे. दक्षिणेचा आकडा आधी छापून ठेवला म्हणून आतली प्रार्थना खोटी ठरत नाही. पाहुणा नसला तरी ती सहाला होतेच.

मेतकूट

दूर्वांकुर, जेवणाबद्दल तुम्ही एका ओळीत आटोपलेत, हा अन्याय आहे! मी शाकाहारी आहे आणि तोक्योतल्या आठ दिवसांत माझे हाल झाले होते. कोयासानला नेमके काय वाढतात आणि ते खरोखर शाकाहारी असते का?

दूर्वांकुर

मेतकूटताई, चूक कबूल. जपानमध्ये शाकाहारी माणसाला खरा अडथळा असतो तो दिसणाऱ्या मांसाचा नव्हे, तर न दिसणाऱ्या माशाचा. साध्या भाजीच्या रश्शालासुद्धा सुकवलेल्या कात्सुओ माशाच्या अर्काचा, म्हणजे 'दाशी'चा आधार असतो आणि वाढणाऱ्याला त्यात सांगण्यासारखे काही आहे असे वाटतच नाही. मठातल्या स्वयंपाकाला 'शोजिन ऱ्योरी' म्हणतात. त्यात मांस, मासे तर नसतातच, शिवाय कांदा, लसूण आणि त्या कुळातल्या उग्र भाज्याही वर्ज्य असतात. दाशी काढतात ती कोम्बू नावाच्या समुद्री पाल्याची आणि सुकवलेल्या शिताके आळंब्यांची. आमच्याकडे चातुर्मासात कांदा-लसूण बंद असे, त्यामुळे मला ती चव परकी वाटली नाही. फक्त फोडणीची आठवण अधूनमधून येत राहिली.

लाल लाखेच्या बुटक्या मेजांवर पुढ्यात एकदम सगळे मांडलेले असते : भात, मिसो, लोणची, भाज्यांचा तेम्पुरा, आणि या गावाच्या दोन खास गोष्टी. पहिली कोयादोफू. डोंगरावरच्या थंडीत टोफू गोठवून मग वाळवलेला असतो, तो शिजवला की स्पंजासारखा रस पिऊन फुगतो. दुसरी गोमादोफू. नावात टोफू असला तरी त्यात सोयाबीन नसते. तीळ बारीक वाटून, त्यात कुझू नावाच्या कंदाचे आरारुटासारखे सत्त्व आणि पाणी घालून ते मंद आचेवर घोटत राहतात आणि थंड झाल्यावर त्याची मऊ, किंचित चिकट वडी पडते. गंमत म्हणजे येथला 'गोमा' म्हणजे तीळ. सकाळच्या होमाच्या 'गोमा'शी त्याचा काहीही संबंध नाही. पहिल्या रात्री माझा मात्र असा समज झाला होता की होमाचा प्रसादच वाढला आहे.

सप्तर्षी

वाचून ऊर भरून आला. होम आपला, मंत्र आपला, अक्षरही आपले! जपानने जे काही घेतले ते सारे भारतातूनच गेले आहे, हे आपल्या मुलांना शाळेत शिकवले पाहिजे.

अक्षरवेडा

सप्तर्षी, अभिमान वाटणे स्वाभाविक आहे, तरीही 'सारे आपलेच' या शब्दांत मधली बरीच माणसे गळून पडतात. मंत्रयानाची ही परंपरा चीनमध्ये नेणाऱ्या शुभाकरसिंह आणि वज्रबोधी या आचार्यांचा नालंदेशी संबंध होता, हे खरेच आहे. परंतु वज्रबोधींचे शिष्य अमोघवज्र, त्यांचे शिष्य चिनी आचार्य हुइगुओ आणि ८०४ मध्ये जिवावर उदार होऊन समुद्र ओलांडणारे कुकाई, ही साखळी पाहिली की कुणा एकाची मालकी सांगणे अवघड होते. कुकाई चीनच्या तेव्हाच्या राजधानीत, चांगआनमध्ये, संस्कृत शिकले ते नालंदेत अध्ययन केलेल्या प्रज्ञ नावाच्या भिक्षूकडून. वीस वर्षे राहण्याच्या बोलीवर गेलेला हा माणूस दोन वर्षांत, ८०६ मध्ये, ग्रंथ आणि मंडले घेऊन परतला. त्यानंतर बाराशे वर्षे ते सर्व जपले आहे ते जपानी माणसांनी. सिद्धम् ही आपल्या देवनागरीची नातेवाईक आहे, दोघींचे मूळ ब्राह्मीतच. आपल्याकडे ती विस्मरणात गेली आणि तेथे भिक्षू आजही ती कुंचल्याने, वरून खाली लिहितात. आपण हरवलेली वस्तू ज्याने सांभाळली त्याच्या घरी जाऊन 'ही आमची' असे म्हणावे की नाही, याचा विचार व्हावा.

दूर्वांकुर, तुम्ही ओकुनोइनच्या स्मशानाबद्दल लिहिले नाही. तेथल्या पाच खंडांच्या दगडी स्तूपांवर अक्षरे होती का?

दूर्वांकुर

होती, आणि त्यांनीच माझा दुसरा दिवस खाल्ला. ओकुनोइन हे कुकाईंच्या समाधीकडे जाणारे जंगल आहे. पहिल्या पुलापासून समाधीपर्यंत सुमारे दोन किलोमीटरची वाट, दोन्ही बाजूंना शेकडो वर्षांचे प्रचंड सुगी वृक्ष आणि त्यांच्या मुळांत दोन लाखांहून अधिक समाध्या व स्मारके. ओदा नोबुनागा आणि त्याचा घात करणारा आकेची मित्सुहिदे, ताकेदा शिन्गेन आणि त्याचा जन्माचा शत्रू उएसुगी केन्शिन, असे सगळे जुने सरदार एकाच जंगलात शेवाळ पांघरून आहेत. नवीन भागात कंपन्यांची स्मारके आहेत, एक चक्क अग्निबाणाच्या आकाराचे, आणि एक तर कीटकनाशकाच्या व्यवसायातल्या लोकांनी मारलेल्या वाळवीसाठी उभारलेले आहे. मी त्याच्यापुढे हसले आणि मग बराच वेळ तेथेच उभी राहिले.

पाच खंडांच्या त्या स्तूपाला 'गोरिन्तो' म्हणतात. खाली चौकोन, त्यावर गोल, त्रिकोण, अर्धगोल आणि टोकाला रत्नाचा आकार : पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. कित्येकांवर 'अ व र ह ख' ही पाच बीजाक्षरे कोरलेली आहेत. ती मी एकेक करून बोटाने लावत गेले. यजमान दोनदा पुढे जाऊन परत आले.

शेवटच्या पुलापलीकडे छायाचित्रे काढता येत नाहीत. कुकाई ८३५ मध्ये वारले असे तेथे कुणी म्हणत नाही. ते समाधीत बसले आहेत अशी श्रद्धा आहे आणि रोज सकाळी सहाला व साडेदहाला भिक्षू लाकडी पेटीतून त्यांचे जेवण घेऊन जातात. आधी वाटेत जिझो या बोधिसत्त्वाच्या एका लहान मूर्तीपुढे ते अन्न 'चाखण्यासाठी' थांबवतात. आळंदीला संजीवन समाधीपुढे नैवेद्य येताना ज्यांनी पाहिला आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

अक्षरवेडा

आभारी आहे. जाता जाता एक पुस्ती : या परंपरेच्या मंडलांच्या जवळचे काहीतरी पाहायचे असेल तर वेरूळच्या १२ क्रमांकाच्या लेण्यात, म्हणजे तीन ताल लेण्यात जावे. तेथे नऊ चौकटींच्या पटात मध्ये बुद्ध आणि भोवती आठ बोधिसत्त्व कोरलेले आहेत. कैलास पाहून दमलेले पाहुणे त्याकडे सहसा वळत नाहीत.

घाटवाट

मी २०१९ मध्ये कोयासानला पायी चढलो होतो, म्हणून त्या बाजूने थोडे लिहितो. पायथ्याच्या कुदोयामा गावातल्या जिसोनइन देवळापासून वर दानजो गारान या मुख्य मंदिर-परिसरापर्यंत 'चोइशिमिची' नावाची जुनी यात्रावाट आहे. अंतर वीस किलोमीटरच्या आसपास आहे, आणि दर १०९ मीटरला गोरिन्तोच्या आकाराचा एक दगडी खांब, असे एकूण १८० खांब आहेत. तेराव्या शतकात ते उभारले गेले. क्रमांक उतरत जातात, त्यामुळे शंभरावा दगड दिसला की पायांना धीर येतो. सह्याद्रीत फिरणाऱ्याला चढ अवघड नाही. फक्त सकाळी लवकर निघावे, कारण संध्याकाळी साडेपाचचे जेवण चुकले तर वर काही मिळण्याची खात्री नाही.

या देवळाची एक कथा सांगतात. कुकाईंची आई मुलाला भेटायला आली, पण स्त्री असल्यामुळे तिला वर जाता येईना, म्हणून ती खाली जिसोनइनला राहिली. मग मुलगाच महिन्यातून नऊ वेळा डोंगर उतरून तिला भेटायला येई, आणि त्यावरून गावाला कुदोयामा, 'नऊ वेळांचा डोंगर', हे नाव पडले. चाळीसाव्या दगडाच्या आसपास माझे गुडघे बोलू लागले तेव्हा मी या मुलाचा विचार करत होतो.

रोखठोक

पूर्वरंग यांचा उपाध्यांचा दाखला मला पटला. 'सहल' हा शब्द मागे घेतो. वेळापत्रकाबद्दलची माझी शंका मात्र कायम आहे : दोन दिवस सहाला उठणाऱ्याला साधक म्हणता येत नाही.

दूर्वांकुर

नाहीच म्हणता येत, आणि मीही ते म्हणवून घेत नाही. पाहुणी होते, एवढेच. पण एका रात्रीत निघू नये असे मी सर्वांना सांगेन. पहिला दिवस बस, नकाशा, चपला कोठे काढायच्या आणि तातामीवर काय घालून चालायचे यातच जातो. दुसऱ्या दिवशी, दुपारच्या गाडीने येणारे-जाणारे लोक परतले की गाव रिकामे होते आणि मग दाइतो स्तूपाच्या अंगणात संध्याकाळची घंटा ऐकताना आपण कशासाठी आलो ते थोडेसे कळते.

वाटसरू

सर्वांचे आभार. एप्रिलमध्ये आईला घेऊन जाण्याचा विचार आहे. तिचे वय ७२ आहे आणि जमिनीवर बसणे तिला जमत नाही. झेपेल का?

दूर्वांकुर

झेपेल. आमच्या मठात प्रार्थनेच्या दालनात मागे खुर्च्या होत्या, परंतु आरक्षण करतानाच 'गुडघ्याचा त्रास आहे' असे कळवा आणि तळमजल्याची खोली मागा, कारण जुन्या इमारतींचे जिने फार चढणीचे असतात. ओकुनोइनला पहिल्या पुलापासून न चालता बसने 'ओकुनोइन-माए' थांब्यावर उतरा, म्हणजे अंतर जवळजवळ निम्मे होते आणि वाटही बरीच सपाट आहे. एप्रिलमध्येही रात्री चांगलीच थंडी असते; लोकरीचे मोजे आणि कानटोपी विसरू नका. सामाईक स्नानगृहाची आईंना अडचण वाटत असेल तर खोलीला जोडून न्हाणीघर असलेले मठही आहेत, फक्त दर जास्त पडतो.

वाटसरू

तसेच करतो. आईला हा धागा वाचून दाखवला. आमच्या तारखांत संकष्टी येते, म्हणून तिने एकच विचारले आहे : ती तिळाची वडी उपासाला चालेल का?

मेतकूट

तीळ आणि आरारूटासारखे सत्त्व, म्हणजे आमच्या घरी तरी चालेल! वर सोया सॉस घालून देत असतील तर तेवढा बाजूला ठेवायला सांगा.

दूर्वांकुर

सॉस आणि थोडा वासाबी वर असतो. 'शोयु नाशी दे' म्हटले की तो घालत नाहीत. पण चंद्रोदयाआधी जेवण साडेपाचलाच पुढ्यात येईल, त्याचे काय करायचे ते आईंना विचारून ठेवा.